फ्रान्सवरचा अमेरिकी राग: २००३ चं भांडण, बटाटे आणि वाइन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इराक युद्धाचा विषय निघाला की "तेव्हा अमेरिकेत फ्रेंच फ्राईजचं नाव बदललं होतं ना?" हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच्यामागून बाकीचे. म्हणून ही उत्तरं एकत्र. माझं मत आधीच सांगून टाकतो: राग खरा होता, पण जिथे तो काढायला काही मोल पडत नव्हतं नेमका तिथेच तो काढला गेला.

मुळात बिनसलं कशावरून?

८ नोव्हेंबर २००२ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १४४१ क्रमांकाचा ठराव १५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. शस्त्रांची खरी माहिती द्यायची इराकला ती शेवटची संधी होती. ठरावाच्या बाजूनं फ्रान्सचंही मत पडलं होतं, त्यामुळे "फ्रान्स पहिल्या दिवसापासून आडवा आला" हे खरं नाही. वाद पेटला तो पुढच्या दोन-तीन महिन्यांत. शस्त्रनिरीक्षकांना आणखी वेळ द्या, असं फ्रान्सचं म्हणणं. वेळ संपली, हे अमेरिकेचं.

२० जानेवारी २००३ ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपाँ यांनी न्यूयॉर्कमध्ये दहशतवादावर एक बैठक बोलावली. त्या दिवशी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल नाखुशीनंच आले. बैठक आटोपल्यावर व्हिलपाँनी पत्रकारांसमोर इराकवरच्या लष्करी कारवाईलाच विरोध जाहीर केला. बुश सरकारात युद्धाबाबत त्यातल्या त्यात सबुरीची भाषा करणारा माणूस पॉवेलच होता, आणि त्यालाच आपल्याला बोलावून तोंडघशी पाडलं असं वाटलं. मला विचाराल तर बटाट्यांपेक्षा हा प्रसंग कितीतरी महत्त्वाचा आहे, पण तो फारसा कुणाच्या लक्षात नाही.

दोनच दिवसांनी, २२ जानेवारीला, संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी फ्रान्स आणि जर्मनीला "जुना युरोप" म्हणून झटकून टाकलं. ५ फेब्रुवारीला पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे पुरावे मांडले. १४ फेब्रुवारीला व्हिलपाँचं उत्तर आलं. आपण एका जुन्या देशातून, जुन्या खंडातून आलेलो आहोत, हा रम्सफेल्डना मारलेला टोला त्यात शेवटी होता. भाषण संपल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या. सुरक्षा परिषदेत सहसा कुणी टाळ्या वाजवत नाही. पॅरिसमध्ये या भाषणाचं कौतुक झालं. वॉशिंग्टनमध्ये त्या टाळ्या बऱ्याच जणांना झोंबल्या.

म्हणजे फ्रान्सच्या नकाराधिकारामुळे युद्धाला मान्यता देणारा दुसरा ठराव पडला?

तसं सांगितलं गेलं. १० मार्चला अध्यक्ष जाक शिराक यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत परिस्थिती कशीही असो, फ्रान्स विरोधात मत देईल असं म्हटलं, आणि लंडन-वॉशिंग्टनला आयतं निमित्त मिळालं. फ्रेंचांच्या मते शिराक त्या घडीच्या परिस्थितीबद्दल बोलत होते, कायमचं नव्हे. पण ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात, आणि ती नऊ मतं अमेरिकेकडे नव्हती. अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा देशांची मनधरणी शेवटपर्यंत चालू होती. १७ मार्चला अमेरिका, ब्रिटन आणि स्पेननं मसुदा मताला न टाकताच मागे घेतला. २० मार्चला युद्ध सुरू झालं. चिलीनं किंवा मेक्सिकोनं आमचा ठराव बुडवला असं म्हणण्यापेक्षा फ्रान्सनं बुडवला असं म्हणणं सोयीचं होतं.

फ्रेंच फ्राईजचं नाव खरंच कायद्यानं बदललं?

कायदा झाला नाही, मतदानही नाही. सुरुवात नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्ट गावातल्या 'कबीज' नावाच्या एका छोट्या हॉटेलातून झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनीवरच्या रागापोटी अमेरिकेत सावरक्राउट, म्हणजे आंबवलेल्या कोबीला, 'लिबर्टी कॅबेज' म्हणायची टूम निघाली होती. त्यावरून मालकाला कल्पना सुचली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्यानं 'फ्रीडम फ्राईज' विकायला सुरुवात केली. मरीन दलाचा कँप लेज्यून हा मोठा तळ याच भागात आहे. तिथली पोरं रोज आखातात रवाना होत होती. त्या गावातला राग वरवरचा नव्हता, हे मान्य करायला हवं.

तिथले खासदार वॉल्टर जोन्स यांनी ही कल्पना वॉशिंग्टनला नेली. प्रतिनिधिगृहाच्या प्रशासन समितीचे अध्यक्ष होते ओहायोचे बॉब नी. गृहाची कँटीनं याच समितीच्या अखत्यारीत, त्यामुळे अध्यक्षांच्या एका हुकमावर काम भागलं. ११ मार्च २००३ ला लाँगवर्थ इमारतीच्या कँटीनमध्ये "आता मिळतील फ्रीडम फ्राईज" अशा अर्थाची पाटी लागली आणि दोघांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. फ्रेंच टोस्टचाही 'फ्रीडम टोस्ट' झाला. हुकूम प्रतिनिधिगृहापुरताच होता. फ्रेंच वकिलातीनं शांतपणे कळवलं की सध्याचे प्रश्न फार गंभीर आहेत, बटाट्यांना कुणी काय म्हणावं यात आम्ही लक्ष घालत नाही. शिवाय हे तळलेले बटाटे मुळात बेल्जियमचे, हेही जाता जाता सुनावलं.

विरोध तर जर्मनी, रशिया, चीन, कॅनडा सगळ्यांनीच केला. मग फ्रान्सच का?

हा खरा प्रश्न. जर्मनीचे चान्सलर श्रोडर यांनी तर २००२ ची निवडणूक युद्धविरोधावर लढवली होती. कॅनडानं युद्धात उतरणार नाही म्हणून १७ मार्चला जाहीर केलं, पण 'कॅनेडियन बेकन'चं नाव काही कुणी बदललं नाही.

एक कारण सरळ आहे. रशिया आणि चीनकडून फार अपेक्षाच नव्हती. जर्मनीकडे नकाराधिकार नव्हता. मित्र म्हणवणारा, नकाराधिकार असलेला आणि तो वापरीन असं टीव्हीवर सांगणारा देश एकच होता.

दुसरं कारण देशातल्या मतांचं. जर्मन वंशाचे अमेरिकन कोट्यवधी आहेत, ओहायो-विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तर गावोगावी. आयरिश, इटालियन, मेक्सिकन, ज्यू, क्युबन, प्रत्येकाची दुखावली जाणारी मतपेढी आहे. फ्रेंचांची तशी नाही. लुइझियानातले फ्रेंच वंशाचे केजन लोक स्वतःला पॅरिसशी फारसं जोडत नाहीत. टीव्हीवरच्या विनोदवीरानं इतर कुठल्याही समाजाबद्दल जे बोललं तर दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली असती, ते फ्रेंचांबद्दल खुशाल बोलता येत होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर वांगं असं निवडावं की जे तक्रार करणार नाही.

तिसरं कारण वर्गाचं. वाइन, चीज, अत्तर, परकी भाषा हे सगळं अमेरिकेत किनाऱ्यावरच्या शिकल्यासवरल्या, उदारमतवादी मंडळींशी जोडलेलं आहे. फ्रान्सला हाणलं की एक फटका घरच्या विरोधकांनाही बसतो. २००४ च्या निवडणुकीत हे उघड झालं. बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्याबद्दल रिपब्लिकन गोटातून "तो दिसतोच फ्रेंच" असा शेरा पेरला गेला. केरींना उत्तम फ्रेंच येत होतं, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सँ-ब्रियाक गावी त्यांचं आजोळचं घर होतं, आणि तिथले महापौर ब्रिस लालोंद त्यांचे नात्यानं भाऊ. प्रचाराच्या काळात केरी फ्रेंच बोलणं टाळू लागले. व्हिएतनाममध्ये पदकं मिळवलेल्या माणसावर ही पाळी आली.

"फ्रेंच म्हणजे शरण जाणारे" हे कुठून आलं?

जून १९४० मधून. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला, आणि चार वर्षांनी अमेरिकी सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. "आम्ही तुम्हाला सोडवलं" ही भावना अमेरिकी मनात पक्की आहे. कोलव्हिल-स्यूर-मेरच्या दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक पुरलेले आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'नं पहिल्या पानावर याच क्रूसांच्या रांगा छापून फ्रान्स हे बलिदान विसरला असा गळा काढला. फ्लोरिडाच्या एका खासदार बाईंनी तर सैनिकांचे अवशेष फ्रान्समधून उकरून मायदेशी आणायची सोय करणारं विधेयक मांडलं. ते पुढे सरकलं नाही.

१९४० च्या त्या सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक मारले गेले होते. त्याआधीच्या महायुद्धात फ्रान्सनं सुमारे १४ लाख माणसं गमावली होती. आणि अमेरिकेचं स्वातंत्र्यच बऱ्याच अंशी १७८१ च्या यॉर्कटाउनच्या लढाईवर उभं आहे, जिथे द ग्रासच्या फ्रेंच आरमारानं समुद्र रोखून धरला आणि रोशाँबोचं फ्रेंच सैन्य जॉर्ज वॉशिंग्टनच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं. उपकारांचा हिशेब काढायचाच तर तो दोन्ही बाजूंनी निघतो. 'चीज खाणारी शरणागत माकडं' ही फ्रेंचांना दिलेली प्रसिद्ध शिवी मात्र १९९५ च्या एका विनोदी कार्टून मालिकेतली. लिहिणाऱ्यांनी ती थट्टा म्हणून लिहिली, स्तंभलेखकांनी ती विश्लेषण म्हणून वापरली.

सामान्य अमेरिकी माणसालाही राग होता, की हा फक्त टीव्हीवरचा तमाशा?

होता. गॅलपच्या पाहण्यांनुसार फेब्रुवारी २००२ मध्ये ७९ टक्के अमेरिकनांचं फ्रान्सबद्दल चांगलं मत होतं. वर्षभरानं ते ५९ टक्के झालं आणि मार्च २००३ मध्ये थेट ३४. लोकमत एका महिन्यात असं कोसळत नाही सहसा. पण ते तितक्याच लवकर सावरलंही: २००८ पर्यंत आकडा पुन्हा सत्तरच्या आसपास होता.

ही घसरण जास्त बोचते ती ९/११ नंतरच्या दिवसांमुळे. १३ सप्टेंबर २००१ ला 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाच्या पहिल्या पानावरच्या अग्रलेखाचा मथळा होता, "आपण सगळे अमेरिकन आहोत". हल्ल्यानंतर अमेरिकेला भेट देणारे पहिले परदेशी राष्ट्रप्रमुखही शिराकच. तरुणपणी १९५३ च्या उन्हाळ्यात ते हार्वर्डला शिकायला आले होते आणि खर्च भागवायला त्यांनी बॉस्टनकडच्या हॉवर्ड जॉन्सन उपाहारगृहात कामही केलं होतं. अमेरिकाद्वेष्टा म्हणून रंगवायला यापेक्षा गैरसोयीचा माणूस मिळणं कठीण.

बहिष्कारानं फ्रान्सचं खरंच नुकसान झालं का?

यावर अर्थतज्ज्ञ आजही भांडतात. हॉटेलवाले कॅमेऱ्यांसमोर बाटल्या गटारात ओतत होते. त्या बाटल्यांचे पैसे फ्रान्सला आधीच पोचले होते, हा भाग वेगळा. दुकानांतल्या विक्रीचे आकडे तपासणाऱ्या एका अभ्यासात बहिष्कार ऐन भरात असताना फ्रेंच वाइनची विक्री २६ टक्क्यांनी आणि सहा महिन्यांत सरासरी १३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. दुसऱ्या अभ्यासानं म्हटलं, फ्रेंच वाइनचा खप आधीपासूनच उतरत होता, तो उतार वजा केला तर बहिष्काराचा परिणाम सापडतच नाही. तिसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज असा की मन कलुषित झाल्यामुळे दोन देशांमधला एकूण व्यापार सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यात कंपन्यांनी एकमेकींकडून घेतलेला कच्चा मालही होता. मला हा तिसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. खरेदी विभागातला माणूस पाटी लावत नाही, फोटो काढत नाही, पुढची ऑर्डर फक्त दुसरीकडे देतो.

भलत्यालाच मार बसल्याचीही उदाहरणं आहेत. 'फ्रेंचेस' ही मोहरीच्या सॉसची कंपनी. फ्रेंच हे तिच्या संस्थापक घराण्याचं आडनाव, माल पक्का अमेरिकी. तरी कंपनीला आमच्यात नावाखेरीज काहीही फ्रेंच नाही असं पत्रक काढावं लागलं. मरीन दलाच्या खानावळी चालवण्याचं कंत्राट सोडेक्सो या फ्रेंच कंपनीकडे होतं. ते काढून घ्या म्हणून काही खासदारांनी धोशा लावला. त्या खानावळींतून वाढणारे कामगार अर्थातच अमेरिकन होते.

सरकारनं काही शिक्षा केली?

"फ्रान्सला शिक्षा, जर्मनीकडे दुर्लक्ष, रशियाला माफी" असं एक वाक्य बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांच्या नावावर सांगितलं जातं. प्रत्यक्षात डिसेंबर २००३ मध्ये उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी इराकच्या पुनर्बांधणीच्या १८.६ अब्ज डॉलरच्या मुख्य कंत्राटांतून युद्धात साथ न देणाऱ्या देशांना वगळलं. वगळलेल्यांत हे तिघेही आले, कॅनडासुद्धा.

आणि याच काळात पॅरिसमध्ये 'अलायन्स बेस' नावाचं एक गुप्त केंद्र चालू होतं. २००२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात सीआयए आणि फ्रेंच हेरखातं शेजारी बसून अल कायदाच्या माणसांचा माग काढत होते. २००५ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं बातमी फोडेपर्यंत बाहेर कुणाला पत्ता नव्हता. अफगाणिस्तानात फ्रेंच सैनिक होतेच, त्यांतले सुमारे ९० तिथे कामी आले. कँटीनमधल्या पाटीपेक्षा दोन सरकारांचं नातं पाहायचं तर इथे पाहावं.

म्हणजे फ्रान्स धुतल्या तांदळासारखा होता?

मुळीच नाही. १९७५ मध्ये सद्दाम हुसेन यांचं फ्रान्समध्ये स्वागत करणारे पंतप्रधान शिराकच होते, आणि इस्रायलनं १९८१ मध्ये उडवलेली ओसिराक अणुभट्टी फ्रान्सनंच इराकला विकलेली. फ्रेंच तेल कंपनीची नजर मजनून तेलक्षेत्रावर होती. बोलण्यातही शिराक काही सोवळे नव्हते. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेची तळी उचलणाऱ्या पूर्व युरोपीय देशांना त्यांनी गप्प बसायची चांगली संधी तुम्ही घालवलीत असं खडसावलं. हेतू शुद्ध नसूनही माणसाचं म्हणणं बरोबर निघू शकतं. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकानं इराककडे महासंहारक शस्त्रांचे साठे नव्हते असा अहवाल दिला.

असं पूर्वीही झालं होतं?

पुष्कळदा. १७९७ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या दलालांनी अमेरिकी दूतांकडे लाच मागितली आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांत अघोषित सागरी युद्ध जुंपलं. १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि अमेरिकी सैन्याला देश सोडायला सांगितलं. तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी विचारलं, यात इथे पुरलेले अमेरिकी सैनिकही धरायचे का? एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर बाँब टाकायला इंग्लंडहून निघालेल्या विमानांना फ्रान्सनं आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही. वळसा घालून जावं लागलं, आणि त्या हल्ल्यात त्रिपोलीतल्या फ्रेंच वकिलातीचंही नुकसान झालं.

मग राग ओसरला कधी?

हळूहळू, गाजावाजा न होता. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रुसेल्सला बुश आणि शिराक एकत्र जेवले. शिराकना टेक्सासच्या फार्मवर बोलावणार का, या प्रश्नावर मी एका चांगल्या काउबॉयच्या शोधात आहे, असं बुश म्हणाले. २००६ च्या उन्हाळ्यात कँटीनच्या फळ्यावर 'फ्रेंच फ्राईज' परतले. या वेळी फोटो काढायला कुणी आलं नाही. बॉब नी त्याच वर्षी भ्रष्टाचाराच्या प्रकरणात दोषी ठरले आणि पुढे तुरुंगात गेले. नोव्हेंबर २००७ मध्ये फ्रान्सचे नवे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी अमेरिकी काँग्रेससमोर भाषण केलं तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

वॉल्टर जोन्स यांचं वेगळं झालं. एप्रिल २००३ मध्ये ते एका मरीन सैनिकाच्या अंत्यविधीला गेले. त्याला जुळी झाली होती, आणि त्यांची तोंडंही न पाहता तो गेला होता. युद्धाच्या बाजूनं आपण दिलेलं मत जोन्सना तिथून छळू लागलं. मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना ते पत्रं लिहीत राहिले, हजारो. कँप लेज्यूनच्या मृत सैनिकांचे फोटो त्यांनी आपल्या कचेरीबाहेर लावले, आणि २००५ मध्ये सैन्य माघारी आणा म्हणणाऱ्या ठरावावर सही केली. फ्राईजचा तो उद्योग झालाच नसता तर बरं होतं, असं ते उघड म्हणाले. २०१९ मध्ये वारले तेव्हा मृत्युलेखांत बटाटे आलेच.

२०२१ च्या पाणबुड्यांच्या वेळी असं का झालं नाही?

कारण तेव्हा चिडलेला पक्ष फ्रान्स होता. ऑस्ट्रेलियानं १२ फ्रेंच पाणबुड्यांचा करार मोडून अमेरिका-ब्रिटनशी हातमिळवणी केली. फ्रान्सनं वॉशिंग्टनहून राजदूत परत बोलावला, दोन देशांमधल्या १७७८ च्या तहापासून पहिल्यांदा. सामान्य अमेरिकनाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आपल्याकडे असं होतं का?

गलवाननंतर, जून २०२० मध्ये, केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला अशी मागणी केली होती. आपल्या गाड्यांवरचं मंचुरियन आणि चायनीज भेळ चीनमध्ये कुणाला ओळखूही येणार नाही, आणि बंदी झाली असती तर पोट मारलं गेलं असतं ते इथल्याच गाडीवाल्याचं. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये ड्रॅगन फ्रूटचं 'कमलम' केलं. अमेरिकनांना हसण्याआधी हे आठवावं.

सध्या काय स्थिती आहे?

आता मामला आयात शुल्काचा जास्त आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये विमान कंपन्यांच्या अनुदानाच्या वादातून फ्रेंच वाइनवर २५ टक्के शुल्क लागलं, शँपेन तेवढी सुटली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी युरोपीय वाइन आणि शँपेनवर २०० टक्क्यांची धमकी दिली. त्याच महिन्यात राफाएल ग्लुक्समान या फ्रेंच खासदारानं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा परत मागितला. अमेरिका नसती तर फ्रेंच लोक आज जर्मन बोलत असते, असं उत्तर व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या बाईंनी दिलं.